हवेची एकादशी

माणसाने अन्नाचा उपास करावा, पाण्याचा करावा, फारच जमलं तर बोलण्याचाही करावा. पण हवेचासुद्धा उपास करता येतो, आणि त्याचं पारणं तीन मिनिटांत फेडता येतं, असं छातीठोकपणे सांगणारा या भूतलावर एकच माणूस निघाला आणि तो नेमका माझा घरमालक होता. चेन्नईत नोकरीला गेलो तेव्हा आईने मला उन्हापासून, सांबारापासून आणि समुद्रापासून जपायला सांगितलं होतं. घरमालकापासून जपायला सांगितलं नव्हतं. तिचा तरी काय दोष, असा माणूस असू शकतो हे जळगावात बसून कुणाला सुचणार?

वेलचेरीच्या एका आडगल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. वर ते आणि त्यांची बायको, खाली मी. सगळी गल्ली त्यांना 'रायर' म्हणायची, कारण तंजावरकडच्या मराठी माणसाला तिकडे तसंच म्हणतात. मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला मामी. ते मला 'पुणेकर' म्हणायचे. मी जळगावचा आहे, पुण्यात मी एकूण चार दिवस राहिलोय आणि त्यातले दोन तापाने अंथरुणात काढलेत, हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात तीनदा सांगितलं. "तें सेरि," मामा म्हणाले, "पण महाराष्ट्रांतून आलास ना? मग पुणेकरच." त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर दक्षिणेत उतरले ते तिकडचेच झाले, आणि बरोबर नेलेलं मराठी त्यांनी लोणच्यासारखं बरणीत घालून तसंच ठेवलं. त्यात पुढे तमिळ मुरत गेली एवढंच. माझं मराठी त्यांना अजिबात पसंत नव्हतं. "तुझ्या बोलण्यांत अस्के इंग्लिश," ते म्हणायचे. 'अस्के' म्हणजे सगळं. मी म्हणायचो, मामा, तुमच्या बोलण्यात सगळं तमिळ आहे. त्यावर ते म्हणायचे, "तमिळ शेजारीण आहे. इंग्लिश कोण लागते तुझी?"

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत मामांनी पस्तीस वर्षं एक शेड चालवली होती. बॉयलरला, कॉम्प्रेसरला, हवेच्या टाक्यांना जी दाब दाखवणारी गोल घड्याळं लावतात, ती बरोबर चालतात की नाही हे तपासून द्यायचं, हा त्यांचा धंदा. शेड विकून ते निवृत्त झाले, पण धंदा अंगातून गेला नाही. कुठलाही काटा दिसला की त्याच्या काचेवर मधल्या बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची आणि मगच आकडा वाचायचा. काटा अडकून बसलेला असतो, त्याला जागं केल्याशिवाय तो खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते विजेच्या मीटरवर टकटक करत, दवाखान्यात रक्तदाबाच्या यंत्रावर करत. एकदा शेअर ऑटोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्यांनी चालत्या गाडीच्या स्पीडोमीटरवर टकटक केली. तो काटा कित्येक वर्षं शून्यावर निवांत पडलेला होता, तो एकदम चाळीसवर उडाला. ड्रायव्हर इतका घाबरला की त्याने गाडीच थांबवली. आम्हाला उरलेला रस्ता चालत जावं लागलं आणि मामा वाटभर खूश होते.

पण मामांचा खरा व्यासंग म्हणजे मामींशी भांडण. भांडणाचा विषय चाळीस वर्षं एकच होता, पंचांग. तिकडे दोन पंचांगं चालतात. एक जुन्या पाठ सूत्रांवरून मांडलेलं, ते मामांच्या घराण्याचं. दुसरं नव्या गणिताने शोधलेलं, ते मामींच्या माहेरचं. मामींचे वडील कुंभकोणमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि आकाशापेक्षा आकडेमोडीवर त्यांचा जास्त विश्वास होता, असं मामा म्हणायचे. दोन पंचांगांत तिथी काही घटका मागेपुढे व्हायची आणि कधीकधी एकादशी दोन वेगवेगळ्या दिवशी पडायची. मग त्या घरात जे व्हायचं ते मी खालच्या मजल्यावरून छत डोक्यावर कोसळेल या तयारीने ऐकायचो. मामींचा आवाज चढा आणि युक्तिवाद चोख. मामांचा आवाज खर्जातला आणि युक्तिवाद असा नसेच, नुसती घराण्याची नावं. शेवटी दोघंही आपापल्या एकादशीला उपास करायची आणि दुसऱ्याच्या एकादशीला त्याच्यासमोर बसून चवीने भात खायची. पारण्याच्या दिवशी मात्र सूर्य उगवताच हादग्याच्या पाल्याची भाजी आणि गरम भात, आणि त्या भाजीचं एक भांडं खाली माझ्या दारात. सुखी संसार मी पुष्कळ पाहिलेत, पण इतका आवाज करणारा दुसरा पाहिला नाही.

आणि मग एके सकाळी इडलीचं पीठ वाटता वाटता मामी खाली बसल्या. उजवा हात त्यांच्या म्हणण्यात राहिला नाही, जीभ जड झाली. दवाखान्यात नेलं. आठवडाभरात हात हलायला लागला, बोलणंही बऱ्यापैकी परत आलं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या अरुंद झाल्यात, रक्त कमी पोचतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, व्यायाम दिले. मामी घरी आल्या, हळूहळू चालायला लागल्या, स्वयंपाकघरात उभ्या राहायला लागल्या. सगळे म्हणाले, देवाने वाचवलं. पण मामा मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. आणि एका दुपारी ते खाली माझ्या खोलीत आले आणि माझ्या खुर्चीत बसून चक्क रडले.

"पुणेकर," ते म्हणाले, "तिनें माझ पंचांग मान्य केलन."

मला आधी कळेचना. मग कळलं. आजारपणापासून मामी कशालाच नाही म्हणत नव्हत्या. भाजीत मीठ जास्त झालं, म्हणा, त्या म्हणायच्या, "सेरि." आज उशीर झाला, म्हणा, "सेरि." सेरि म्हणजे बरं, ठीक. पंधरवड्याची एकादशी आली तेव्हा मामांनी कंबर कसून जाहीर केलं की एकादशी आज, आणि मामी म्हणाल्या, "सेरि." चाळीस वर्षांचं युद्ध एका शब्दात संपलं आणि मामा जिंकले. इतका हरलेला विजेता मी पाहिला नव्हता. "हात परत आला, पाय परत आला," ते डोळे पुसत म्हणाले, "ती कोठ परत आली?"

तेव्हापासून मामांनी एकच ध्यास घेतला, बायकोला परत भांडायला लावायचं. त्यासाठी त्यांनी केलेले उद्योग सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही. चपला घालून ते देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. कॉफीचा पेला त्यांनी मुद्दाम तिच्या धुतलेल्या पातळाशेजारी ठेवला. तिच्या वडिलांना बेरीज येत नव्हती, असं ते एकदा जेवताना मोठ्याने म्हणाले. माझा हातातला घास हातात राहिला. मामी शांतपणे ताक वाढत म्हणाल्या, "असेल." मामा पानावरून उठले ते गच्चीत जाऊन उभे राहिले. मग मला कामाला लावलं. मामींची डांगर पचडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेली कोशिंबीर, साऱ्या नातेवाइकांत प्रसिद्ध. मी ती खाऊन म्हणायचं की मामांच्या त्रिचीच्या बहिणीची याहून बरी असते. मी त्या बहिणीला पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी दडपून म्हणालो. मामी माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "होय काय रे? मग उद्या बर करतें हां, बाळा." मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि पचडीमुळे नव्हे.

अशात कुणीतरी त्यांना अड्यारच्या बाजूच्या एका छोट्या उपचारकेंद्राचा पत्ता दिला. तिथे रशियात शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता आणि त्याने तिकडून एक यंत्र आणलं होतं. यंत्र म्हणजे लहान फ्रीजएवढी एक पेटी, तिला दोन नळ्या आणि नळीच्या टोकाला नाकातोंडावर बसणारा मास्क. रोग्याने आरामखुर्चीवर पडायचं. पाच मिनिटं मास्कमधून पातळ हवा येते, उंच डोंगरावर असते तशी, प्राणवायू कमी. मग आत एक झडप 'खट' करून फिरते आणि तीन मिनिटं दाट हवा येते, प्राणवायू भरपूर. पुन्हा पातळ, पुन्हा दाट, असे पाच-सहा फेरे. बोटाला एक चिमटा लावलेला असतो, तो रक्तात प्राणवायू किती ते पडद्यावर दाखवतो. हवा थोडी कमी पडली की मेंदूतल्या नळ्या रुंद व्हायला शिकतात, आणि मागून भरपूर मिळाली की ताण निघून जातो, असा त्यामागचा विचार. डॉक्टर मोठा सरळ माणूस होता. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की हे सगळं अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही, कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही, गोळ्या आणि व्यायाम हेच मुख्य, हे फक्त त्यांच्या जोडीला.

मामांनी हे सगळं दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही उजेड पडला की डॉक्टर बोलायचा थांबला. "अहो डॉक्टर," मामा तमिळमध्ये म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "हें तर पाच मिनिट एकादशी आणि तीन मिनिट द्वादशी! उपास घडव, मग पारण कर. अंग शहाण होत. हें आम्ही किती पिढ्या करतों! रशियावाल्यांस हें कोण सांगटल?" डॉक्टरला एकादशी ठाऊक होती, पण ती आपण यंत्रात घालून विमानाने आणली आहे हे त्याला नवीन होतं. तो म्हणाला, तसं म्हणायलाही हरकत नाही. हे तो म्हणाला नसता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं.

कारण उपचार हे एकदा व्रत ठरल्यावर व्रताचे सगळे नियम आले. पहिला नियम मडीचा. मडी म्हणजे आपलं सोवळं. दुसऱ्या कुणी तोंडाला लावलेला मास्क चालणार नाही. नवा आणला. तो दर शुक्रवारी संध्याकाळी मामा स्वतः धुवायचे आणि काठीने उचलून छताखालच्या उंच बांबूवर वाळत घालायचे. तिथे आधीपासून मामींचं नऊवारी आणि मामांचा पंचा असायचा, त्यांच्या मधोमध तो पारदर्शक मास्क लोंबायचा. एकदा मी कौतुकाने हात वर केला तर मामा किंचाळले. मास्कला पुन्हा आंघोळ घालावी लागली.

दुसरा नियम दांपत्याचा. कुठलाही संकल्प नवरा-बायकोने जोडीने बसून करायचा आणि बायकोने उजवीकडे बसायचं. मामांनी आरामखुर्ची फिरवायला सांगितली. तिथली सिस्टर शांत, कामसू, तिरुनेलवेलीकडची बाई. ती म्हणाली, नळी पोचणार नाही. मग मामाच डाव्या बाजूला गेले. तिथे कचऱ्याची बादली होती, ती उचलून त्यांनी डॉक्टरच्या टेबलाखाली ठेवली आणि तिच्या जागी एक स्टूल टाकून बसले. हातात दर्भाची काडी. एरवी यजमान नवरा असतो आणि बायको दर्भाने त्याच्या हाताला स्पर्श करते. "आज यजमान ती," मामांनी सिस्टरला समजावलं, "मी नुस्ता हात लावायचा." आणि ते दर्भ मामींच्या कोपराला टेकवून बसले. यंत्र सुरू झालं. अर्ध्या मिनिटाने मी पाहिलं तर मामांचे गाल फुगलेले आणि डोळे बाहेर आलेले. बायको पातळ हवेत असताना नवऱ्याने भरपूर हवा खावी हे कुठल्या शास्त्रात बसतं? ते श्वास रोखून बसले होते. पाच मिनिटं रोखायचा बेत होता. पाऊण मिनिट टिकले, मग वांग्याच्या रंगाचे होऊन स्टुलावरून माझ्या अंगावर आले. सिस्टरने मामींच्या बोटाचा चिमटा काढून मामांच्या बोटाला लावला. मामांनी शुद्धीवर येताच सर्वांत आधी त्या पडद्यावर टकटक केली.

यानंतर मामांना खोलीबाहेर बसवण्यात यायला हवं होतं, पण त्या सिस्टरला त्यांचा लळा लागला. फक्त श्वास घेत राहायचं, या अटीवर तिने त्यांना स्टूल कायम दिलं. तेवढी मनाई झाल्यावर मामांनी आपला सिद्धान्त घरी राबवायला घेतला. पाच कमी, तीन जास्त. सगळ्यालाच. पाण्याच्या टाकीला एकादशी घडायला लागली, नेमकी माझ्या अंगाला साबण लागलेला असताना. मे महिन्यात, चेन्नईच्या मे महिन्यात, पंख्याला पाच मिनिटं एकादशी आणि तीन मिनिटं द्वादशी. मामींना भेटायला पाहुणे आले की मामा स्टॉपवॉच मांडीवर घेऊन पाच मिनिटं तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. पाहुणे अवघडून, कॉफी संपवून, चपला घालायला लागले की तीन मिनिटं सुरू व्हायची आणि मामा त्यांना अंगणात गाठून पाच मिनिटांचं साचलेलं सगळं सांगायचे. मला त्यांनी सल्ला दिला की ऑफिसात पाच मिनिटं काम करू नकोस आणि मग तीन मिनिटं जोरात कर. मी सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायचं काम करतो. आमच्याकडे हे आधीपासून असंच चालतं, असं मी सांगितलं तेव्हा त्यांना माझ्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

मामी हे सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, "सेरि." दर शनिवारी मला सुट्टी असायची म्हणून मीच दोघांना घेऊन जायचो. चार शनिवार गेले, पाच गेले. मामींची चाल जरा बरी झाली, उजव्या हाताने त्या फुलं ओवायला लागल्या. यंत्राचा गुण की गोळ्यांचा, डॉक्टरने काही छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. मामांचं त्या हाताकडे लक्षच नव्हतं. परतताना रिक्षातून उतरल्या उतरल्या ते माझ्या कानाशी लागायचे. "भांडली काय रे? मी पैलीकडं बघत होतों तेव्हा कांही बोलटली काय?" मी नाही म्हणायचो. ते मान हलवायचे आणि जिना चढायचे.

सातव्या की आठव्या शनिवारी ते घडलं. मामी खुर्चीवर, मामा स्टुलावर दर्भ घेऊन, मी भिंतीशी. पातळ हवेची पहिली पाच मिनिटं संपली. झडप 'खट' करून फिरली. आणि मामा ताडकन उभे राहिले. "नोको, सिस्टर! दुसरी हवा आज नोको. आज एकादशी आहे. पारण उद्या सकाळी!" सिस्टरला काही कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगायला लागलो की यांचं म्हणणं असं आहे की आज नुसती पातळ हवा द्या, दाट हवा उद्या सूर्य उगवल्यावर, आणि हे माझ्या तोंडून बाहेर पडत असताना मलाच माझी लाज वाटत होती. तेवढ्यात मामांनी वाकून ती नळीच मुठीत आवळून धरली. यंत्र पी पी करायला लागलं.

मामींनी उजव्या हाताने, होय, उजव्याच हाताने, मास्क उचलून कपाळावर ढकलला.

"काढा हात!" त्या कडाडल्या. "नळी सोडा आधीं! एकादशी मणे! आज नवमी आहे, नवमी! माझ्या बापाच्या पंचांगांत नवमी, आणि तुमच्या त्या फाटक्या पंचांगांत पण नवमीच! एकादशी सोमवारी. येवढ कळत नाहीं आणि माझ्या श्वासावर कायदा करतांत? चाळीस वर्ष माझ्या भातावर केलांत, आतां हवेवर?"

सिस्टरने मामांच्या मुठीतून नळी सोडवली. आवाज ऐकून डॉक्टर धावत आला. मामा मात्र दर्भाची काडी हातात धरून जागच्या जागी उभे होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी त्याच्याकडे फार वेळ बघू शकलो नाही. "परत मण," ते हळूच म्हणाले. मामींनी परत म्हटलं. या खेपेला त्यात सासूबाई आल्या, त्रिचीची बहीण आली, पंख्याची एकादशी आली आणि पचडीला नाव ठेवणारा मीही आलो. मास्क तसाच कपाळावर. तीन मिनिटांची दाट हवा पूर्ण वाया गेली, पण कुणीच हरकत घेतली नाही.

घरी परतताना शेअर ऑटोत आम्ही नऊ जण होतो आणि मामी अड्यारपासून वेलचेरीपर्यंत बोलत होत्या. मामा प्रत्येक नव्या प्रवाशाला तमिळमध्ये सांगत होते, "ही माझी बायको. मला रागावतेय." उतरल्यावर त्यांनी मोगऱ्याचा गजरा घेतला. कळ्या उमलून गेल्यात, असले गजरे कुणी घेतं का, असं मामींनी बोलून दाखवलं आणि मग तो माळला. जिन्याशी मी मामांचा हात धरला. म्हटलं, "मामा, कमाल केलीत! काय नाटक केलंत! मुद्दाम तिथी चुकवलीत ना?" मामा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "आमा, आमा," असं तमिळमध्ये हो हो म्हणाले, "नाटकच." आणि भराभर वर गेले.

दुसऱ्या दिवशी रविवारी मामी स्वतः जिना उतरून खाली आल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "तें नाटक नव्हत रे," त्या म्हणाल्या. "काल ते सकाळपासून उपाशी होते. पाणीसुद्धा नाहीं."

मामी सांगत राहिल्या. चाळीस वर्षांत त्यांनी भांडणं केली ती घटकांची, कधी एका दिवसाची. पण दोन्ही पंचांगांत नाही अशी तिथी त्या माणसाच्या तोंडून कधी निघाली नव्हती. देवळातून येताना ते दोनदा चुकीच्या गल्लीत शिरले होते. सकाळची गोळी घेतली की नाही म्हणून चारदा विचारायचे. "मी गप्प होतें," मामी म्हणाल्या, "पण डोळे उघडे होते. आतां त्यांस पण डॉक्टरला दाखव. मी सांगटलें मणून नको सांगूस." मला त्या क्षणी स्वतःचा राग आला. रोज त्या माणसाच्या गमती ऑफिसात सांगून मी लोकांना हसवत होतो, आणि त्यातल्या कुठल्या गमती होत्या आणि कुठल्या नव्हत्या हे मी एकदाही बघितलं नव्हतं. चुका शोधायचं काम करतो म्हणे!

डॉक्टरने तपासलं. मामांच्या मेंदूतही तेच, रक्त कमी पोचत होतं, फक्त धक्का न देता, गुपचूप. मग गोळ्या आल्या आणि शनिवारच्या खुर्चीवर मामांचा नंबर आला. मामींनी उजवीकडे स्टूल टाकलं. आता दोन मास्क बांबूवर वाळायला लागले आणि मामा आपला कुठला ते विसरायचे, म्हणून मामींनी त्यांच्या मास्कला कुंकवाचं बोट लावलं. मास्कच्या आतूनही त्यांचं चालूच असायचं. पातळ हवा पुरेशी पातळ नाही, यात भेसळ आहे, गिंडीत अशी झडप आम्ही परत पाठवली असती. सिस्टर सगळं ऐकून घ्यायची. काही शनिवार बरे जायचे. मामा येताना रस्ता स्वतः सांगायचे, डावीकडे, उजवीकडे, आणि रस्ता बरोबर असायचा. काही शनिवारी ते ऑटोत मला विचारायचे, "पुणेकर, आपण कोठ चाललों?" मामी उत्तर द्यायच्या आणि जोडीला चार शब्द सुनवायच्या. ते शब्द ऐकले की मामांचा जीव शांत व्हायचा, हे मी कितीदा तरी पाहिलं.

माझी चेन्नईहून बदली व्हायच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी मी वर गेलो होतो. मामी चुलीशी, भात नुकताच झालेला. मामा आंघोळ करून पंचा गुंडाळत आले, भांड्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आज एकादशी. भात कशास?"

तोपर्यंत मीसुद्धा पंचांग बघायला शिकलो होतो. त्या दिवशी दशमी होती, दोन्ही पंचांगांत. मी मामींकडे बघितलं आणि स्फोटाची वाट बघायला लागलो. मामींनी माझ्याकडे अशी एक नजर टाकली की मी तोंड मिटलं. मग त्यांनी भाताचं भांडं खाली उतरवलं. "चुकलेंच मी," त्या म्हणाल्या. "वय झाल आतां." मामांचा आनंद काय वर्णावा! चाळीस वर्षांत बायको तिथीत पहिल्यांदा सापडली होती. "बघ, पुणेकर, बघ! हें हिच्या बापाच गणित!" मामी हसल्या. ते सगळं भाताचं भांडं त्यांनी माझ्याबरोबर खाली पाठवलं आणि दिवसभर दोघांनी उपास केला.

दुसऱ्या दिवशी खरी एकादशी. सूर्य उगवताना मला हादग्याच्या पाल्याच्या फोडणीचा वास आला म्हणून मी वर गेलो. मामा पानावर बसले होते आणि मामी त्यांना गरम भात वाढत होत्या. अशा दोन्ही पंचांगांच्या एकादशीला भात शिजवणं हेच त्या घरात पाप, पानात वाढणं त्याहून मोठं. त्यांचं स्वतःचं पान मांडलेलंच नव्हतं. मी दबक्या आवाजात म्हटलं, "मामी, अहो, आज तर..." "ठाऊक आहे," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "तें पाप माझ. त्यांस जेवूदे." आणि भातावर तूप घातलं. दोन दिवस लागोपाठ त्या बाईने पोटात दुधाच्या घोटापलीकडे काही घेतलं नाही, आणि मला तिथे उभं राहवेना.

जेवून मामा माझ्या मागोमाग खाली आले. ढेकर दिली, खुर्चीत बसले, माझ्या टेबलावरच्या घड्याळावर दोनदा टकटक केली. मग जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"पुणेकर, कालपासून ती एक शब्द भांडली नाहीं रे. मज भय वाटत. तिज परत तें मिशीन लावायला पाहिजे."

शनिवारी नेऊ या, असं मी म्हणालो.